पाळण्यातलं ऑफिस आणि परभणीची खुर्ची

टोकियोच्या पश्चिमेला इनागी नावाचं शहर आहे. तिथं १९६४ पासून चालू असलेलं 'योमिउरीलँड' हे मनोरंजन उद्यान आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये या उद्यानानं एक वेगळंच तिकीट काढलं. नोकरीचं काम सोबत घेऊन येणाऱ्यांसाठी ते होतं. फक्त कामाच्या वारी, माणशी १९०० येन, म्हणजे तेव्हाच्या दरानं साधारण १३०० रुपये. तेवढ्या पैशांत पोहण्याच्या तलावाकाठी टेबल-खुर्ची, चार्जिंगची सोय आणि वायफाय मिळायचं. शिवाय एक तास आकाशपाळण्याची केबिन. लॅपटॉप मांडीवर घ्यायचा, वायफायचं छोटं यंत्र शेजारी ठेवायचं आणि पाळणा फिरत असताना ईमेलना उत्तरं द्यायची.

ही बातमी जगभर फिरली ती गंमत म्हणून. तिच्यामागचा हिशेब मात्र पक्का होता. करोनामुळे जपानमधली उद्यानं बरेच दिवस बंद होती. उघडली तेव्हाही नियमांचा काच होताच. रोलर कोस्टरवर ओरडू नका, अशी सूचना निघाली होती. ती पाळता येते हे दाखवायला फूजी-क्यू हायलँड या उद्यानाचे अधिकारी मास्क लावून कोस्टरमध्ये बसले, चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्यांनी फेरी पूर्ण केली आणि किंचाळायचं ते मनातल्या मनात, असं लोकांना सांगितलं. दुसरीकडे टोकियोतले नोकरदार छोट्या घरांत जेवणाच्या टेबलावर ऑफिस थाटून बसले होते. उद्यानाकडे जागा रिकामी होती आणि माणसांना बसायला जागा नव्हती. तिकिटानं या दोन गरजांची गाठ घालून दिली.

मनोरंजन उद्यानाचा धंदा शनिवार-रविवारवर आणि शाळेच्या सुट्ट्यांवर चालतो. मंगळवारी दुपारी पाळण्यात कुणी बसो वा न बसो, तो चालवणाऱ्याचा पगार, वीज, देखभाल, विमा यांतलं काही थांबत नाही. म्हणून मंगळवारी येणारं गिऱ्हाईक, मग ते मांडीवर लॅपटॉप घेऊन येणारं का असेना, उद्यानाला हवंच असतं. जपानात या कल्पनेला आधीपासून जमीनही तयार होती. जपान एअरलाइन्सनं २०१७ मध्येच आपल्या कर्मचाऱ्यांना पर्यटनस्थळी राहून काम करायची मुभा दिली होती. वाकायामा प्रांतानं त्याच सुमारास शिराहामाच्या समुद्रकिनाऱ्यावर कंपन्यांना बोलावायला सुरुवात केली. २०२० च्या उन्हाळ्यात तर सरकारनंच 'वर्केशन'चा पुरस्कार केला. सुट्टीच्या ठिकाणी जायचं, अर्धा दिवस काम करायचं, उरलेला वेळ फिरायचं, असा तो प्रकार.

आकाशपाळणा ही मुळात बसायची जागा म्हणूनच भव्य होती. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्यानं उभारलेला पहिला पाळणा २६४ फूट उंच होता. त्याला ३६ केबिन होत्या आणि एकेका केबिनमध्ये ६० माणसं मावत. म्हणजे एका वेळी दोन हजारांवर माणसं हवेत. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांचं भाषण झालं, म्हणून ते साल आपल्याला पाठ असतं. फेरिसच्या पाळण्याची एक केबिन आजच्या एखाद्या छोट्या कंपनीच्या ऑफिसएवढी होती.

महाराष्ट्रात या धंद्याची सुरुवात गोराईच्या 'एस्सेलवर्ल्ड'नं १९८९ मध्ये केली. २०२२ मध्ये ते बंद झालं. २०१३ मध्ये खोपोलीजवळ, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत 'इमॅजिका' सुरू झालं. पुण्याच्या हिंजवडीतला किंवा नवी मुंबईतला संगणक अभियंता तिथं सकाळी निघून संध्याकाळी परत येऊ शकतो. मराठवाड्यातल्या परभणीच्या माणसाला तेच ठिकाण चारशे किलोमीटरहून दूर पडतं. म्हणून टोकियोच्या तिकिटाचा अर्थ परभणीत बसून लावायचा, तर थोडा वेगळा लावावा लागतो.

पाळण्याखालचे कामगार

परभणी जिल्ह्यात थीम पार्क नाही. शहरातलं राजगोपालाचारी उद्यान, जिंतूर तालुक्यातला येलदरीचा जलाशय, नेमगिरीची जैन लेणी, चारठाण्याची जुनी मंदिरं ही सहलीची ठिकाणं. पण पाळणा म्हटलं की परभणीकराच्या डोळ्यांपुढं येतो तो उरूस. हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा हा उरूस दरवर्षी २ फेब्रुवारीला सुरू होतो आणि हिंदू-मुसलमान दोघंही त्याची वर्षभर वाट बघतात. लेकी माहेरी येतात, पाहुणे मुक्कामाला येतात. जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून माणसं उतरतात. आकाशपाळणे, टोराटोरा, ब्रेकडान्स, ड्रॅगन, मौत का कुआँ, भांड्यांची दुकानं, खेळणी, मिठाई. रात्री दुरून नुसता दिव्यांचा झगमगाट दिसतो.

त्या झगमगाटात काम करणाऱ्यांकडे जरा थांबून बघायला हवं. लोखंडी आरे, खांब, पाळण्यांचे डबे ट्रकमधून येतात. मैदानात आधी जमीन सपाट करून तिच्यावर लाकडी ठोकळे बसवतात. मग मधली दोन तिकाटणी उभी राहतात, त्यांच्यावर आस चढतो आणि एकेक आरा नट-बोल्टांनी आवळत गोल पुरा होतो. डबे शेवटी लागतात, तेही समोरासमोर, म्हणजे वजन एका बाजूला जात नाही. माणसं बसवतानाही चालवणारा हाच हिशेब करतो. एक डबा भरला की अर्धा फेरा फिरवून समोरचा डबा खाली घेतो. पूर्वी गावच्या जत्रेत लाकडी पाळणे असत; ते फिरवणारी पोरं आऱ्यांवर चढून अंगाच्या वजनानं पाळणा खाली ओढत. आता डिझेल जनरेटर आणि मोटर आली, पण नट आवळणारे हात तेच आहेत.

ही माणसं जत्रेच्या पंचांगावर जगतात. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा, फेब्रुवारीत परभणीचा उरूस, महाशिवरात्रीला औंढा नागनाथ आणि परळी. पाळण्याखालीच राहुटी, तिथंच चूल, तिथंच लेकरं. त्यांच्यासाठी कामाची जागा आणि मौजेची जागा कधी वेगळी नव्हतीच. दुसऱ्याच्या मौजेच्या ठिकाणी आपलं काम, ही लॅपटॉपवाल्यांना नवी वाटणारी गोष्ट या मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या निभावली आहे. फरक एवढाच, की त्यांच्या कामाच्या जागेसाठी सावली, पाणी, संडास यांची हमी आजही कुणी देत नाही. कामाच्या जागेचा विचार करायचा तर तो त्यांच्यापासून सुरू व्हायला हवा.

माळवदावरची रेंज

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईतले, हैदराबाद-बंगळुरूतले मराठवाड्याचे तरुण पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप घालून गावाकडं परतले. सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड, पूर्णा, पालम, सोनपेठ अशा गावांतल्या घरांत पहिल्यांदाच परदेशी ग्राहकांशी बोलणारे आवाज उमटू लागले. आयांना 'स्टँडअप' आणि 'डेडलाइन' हे शब्द कळू लागले. कॉल चालू असताना कुकरची शिट्टी वाजू नये म्हणून गॅस बंद व्हायचा.

घर मोठं होतं, माणसं आपली होती, डब्याचं जेवण सुटलं होतं. तरी काम सोपं नव्हतं. जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती जाड. उन्हाळ्यात आत गारवा, पण मोबाइलची रेंज दारातच थबकते. मग लॅपटॉप घेऊन माळवदावर जायचं. मराठवाड्यातल्या मे महिन्यात माळवदावर लॅपटॉप चालवणं म्हणजे काय, हे यंत्राच्या भाषेत सांगता येतं. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात. परभणीत मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जाणं नेहमीचं. तेवढ्या उष्णतेत आतला पंखा जोरात फिरतो, प्रोसेसर स्वतःची गती कमी करतो, बॅटरीचं आयुष्य घटतं. शिवाय साध्या पडद्याचा उजेड दुपारच्या उन्हापुढं काहीच नसतो, अक्षरं दिसतच नाहीत. टोकियोतल्या तलावाकाठचं ते टेबल ऑक्टोबरच्या हवेत शोभून दिसलं. परभणीत तसं टेबल डिसेंबर-जानेवारीतच टाकता येईल.

दुसरी अडचण विजेची. डीपी जळाली की गाव दोन-दोन दिवस अंधारात, हा अनुभव खेड्यातल्या कुणालाही विचारावा. लॅपटॉपला खरं तर वीज फार लागत नाही. लॅपटॉप ५० वॅट, राउटर १० आणि डोक्यावरचा पंखा ७५ धरला, तर होतात १३५ वॅट. घरोघरी असणारी १५० अँपिअर-अवरची इन्व्हर्टर बॅटरी चांगल्या स्थितीत असेल, तर घट-तूट धरूनही एवढा भार आठ-नऊ तास ओढते. म्हणजे एका माणसाची पाळी निभावते. पण ती बॅटरी भरायला वीज यावी लागते, आणि वीज गेली की अनेकदा जवळच्या टॉवरची बॅटरीही संपत येते.

तिसरी गोष्ट इंटरनेटची. चांगल्या दर्जाच्या गटचर्चेच्या व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी साधारण २ ते ३ एमबीपीएस वेग लागतो. नुसत्या आवाजाला त्याच्या विसाव्या भागाहूनही कमी पुरतो. एवढा वेग फोर-जीवर सहज मिळतो, असं कागद सांगतो. मात्र एका टॉवरचा वेग त्याच्याखालच्या सगळ्यांत वाटला जातो. उरुसाच्या रात्री एकाच मैदानावरून हजारो फोन व्हिडिओ पाठवू लागले, की पाळण्यात बसलेल्याचा साधा मेसेजही अडकतो. म्हणून मोठ्या मेळ्यांना मोबाइल कंपन्या चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणून उभे करतात. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्रानं २०११ मध्ये मंजूर केली, पुढं तिचं नाव 'भारतनेट' झालं. तार ग्रामपंचायतीच्या खोलीपर्यंत पोचली तरी तिथून पुढं घराघरांत जोडणी, आणि तुटल्यावर दुरुस्त करणारा माणूस, हे दोन दुवे प्रत्येक गावात सारखे भक्कम नाहीत.

परवानगीची गोष्ट

जागा, वीज, तार यांच्याइतकीच मोठी गोष्ट परवानगीची. करोनापूर्वी भारतात कॉल सेंटर आणि बीपीओच्या कर्मचाऱ्याला घरून काम करायला देणं कंपनीसाठी जिकिरीचं होतं. दूरसंचार विभागाचे नियम, नोंदणी, अनामत रक्कम अशा अटी होत्या. २०२० च्या मार्चमध्ये त्या तात्पुरत्या सैल झाल्या. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला नवे नियम आले आणि २०२१ च्या जूनमध्ये आणखी मोकळीक मिळाली. देशात कुठूनही काम करणं कायद्यानं सोपं झालं ते तेव्हापासून.

टीसीएसनं २०२० मध्ये जाहीर केलं होतं, की २०२५ पर्यंत आपले फक्त पंचवीस टक्के कर्मचारी कोणत्याही वेळी ऑफिसात असतील. तो काळ गावाकडच्या घरांत आशेचा होता. कुणी जुन्या घराला रंग दिला, कुणी आईवडिलांच्या दवाखान्याच्या फेऱ्या स्वतः करू लागलं. पण २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्याच कंपनीनं कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस परत बोलावलं. इतर कंपन्यांनी आठवड्यातले किंवा महिन्यातले ठरावीक दिवस सक्तीचे केले. परभणीच्या स्टेशनवरून पुण्याकडं निघणारी पनवेल गाडी आणि ट्रॅव्हल्सच्या बस पुन्हा भरल्या.

कंपन्यांच्या अडचणी खोट्या नाहीत. ग्राहकाची माहिती सांभाळावी लागते. काही प्रकल्पांच्या खोल्यांत मोबाइलसुद्धा नेता येत नाही. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाल्यावर ही जबाबदारी वाढली. उद्यानात, चहाच्या टपरीवर, रेल्वेच्या डब्यात बसून बँकेच्या ग्राहकांची यादी उघडणारा कर्मचारी कुठल्याच कंपनीला नको असतो. नव्यानं लागलेल्या पोराला शेजारी बसून शिकवणंही दूरवरून तितकं जमत नाही.

पण दुसऱ्या बाजूचाही एक खर्च आहे आणि तो कर्मचारी भरतो. लॅपटॉप सगळीकडं जाऊ लागला की काम सगळीकडं येतं. सुट्टीवर गेलेल्या माणसाला पाळण्याच्या टोकावर असतानाही फोन उचलावा लागतो. फ्रान्सनं १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडं बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये अशाच आशयाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. त्याचा कायदा झाला नाही, पण प्रश्न संसदेच्या नोंदीत गेला. कुठूनही काम करण्याची मुभा आणि काम थांबवण्याचा हक्क एकत्रच मागायला हवेत. विशेषतः बायकांसाठी. घरून काम करणाऱ्या सुनेला घर रिकामीच समजतं, आणि दोन कॉलांच्या मधल्या पंधरा मिनिटांत तिनं भाजी फोडणीला टाकावी अशी अपेक्षा धरतं. तिला घरापासून दहा मिनिटांवर, दार लावून बसता येईल अशी खुर्ची हवी असते.

नाइल्सचं पहिलं उत्तर

दूरवरून काम करण्याच्या कल्पनेचा जनक मानला जाणारा जॅक नाइल्स हा अमेरिकेतला. १९७३ मध्ये, तेलसंकटाच्या काळात, लॉस एंजलिसमधल्या वाहतुकीवर तो उपाय शोधत होता. त्यानं एका विमा कंपनीबरोबर प्रयोग केला. त्यात कर्मचाऱ्यांना घरी बसवलं नव्हतं. त्यांच्या वस्तीजवळ छोटी उपकार्यालयं काढली आणि माणसं तिथं जाऊ लागली. पन्नास वर्षं जुना हा प्रयोग परभणीसारख्या जिल्ह्याला आज सगळ्यात जास्त लागू पडतो.

भारतातही त्याचं ठळक उदाहरण आहे. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीनं २०११ मध्ये तमिळनाडूतल्या तेनकाशीजवळच्या खेड्यात कार्यालय काढलं. पुढं तिचे संस्थापक श्रीधर वेम्बू स्वतः तिथं राहायला गेले. चेन्नईपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या त्या भागात मुलं सायकलवरून कामाला येतात आणि जगभर विकलं जाणारं सॉफ्टवेअर लिहितात.

परभणीकडं अशा जागेचा साचा तयार आहे. तो म्हणजे अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेच्या नादानं मराठवाड्यातल्या प्रत्येक शहरात गल्लोगल्ली अभ्यासिका निघाल्या. लाकडी कप्पे केलेलं टेबल, प्रत्येकाच्या डोक्यावर दिवा, हाताशी चार्जिंगचा पॉइंट, कोपऱ्यात कूलर, जिन्याखाली चपलांची रांग आणि भिंतीवर 'शांतता राखा'. पोरं-पोरी महिन्याची फी भरून पहाटेपासून रात्रीपर्यंत तिथं बसतात, डबा खातात, परत बसतात. वीज गेली तर इन्व्हर्टर चालू होतो. मुलींसाठी वेगळा विभाग असतो. लॅपटॉपवर काम करणाऱ्याला लागतं त्यातलं बरंचसं इथं आधीच आहे. कमी आहे ती बोलता येईल अशी आवाजबंद खोली, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्या, म्हणजे एक तुटली तरी दुसरी चालेल, आणि कंपनीला दाखवता येईल असा सुरक्षिततेचा कागद.

एवढं जोडायला फार मोठा खर्च येत नाही. परभणी महापालिका २०११ पासून आहे. नऊ तालुक्यांच्या गावी नगरपालिकांच्या, नगरपंचायतींच्या, ग्रंथालयांच्या इमारती आहेत. जिल्हा नियोजन समितीच्या वार्षिक आराखड्यात सभागृहं आणि पेव्हर ब्लॉक यांना जागा मिळते. वीस खुर्च्यांच्या एका खोलीला ती मिळायला हरकत नसावी. आणि त्या खुर्च्यांवर बसायला फक्त पुण्याहून आलेले अभियंतेच येतील असंही नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात आता ड्रोन, रोबोट आणि संगणकीय शेतीवर काम चालतं. कापूस, सोयाबीन, तूर यांच्या शेतातून येणारी माहिती तपासणं, हवामान सल्ले मराठीत तयार करणं, उपग्रहाच्या चित्रांवरून पीक ओळखणं ही सगळी लॅपटॉपवरची कामं आहेत. ती करायला शेत जवळ असणं हा उलट फायदाच आहे.

प्रवासाचं गणितही बदलतं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जालना-मुंबई वंदे भारत नांदेडपर्यंत वाढवली आणि परभणी तिच्या मार्गावर आलं. महिन्यातून चार-पाच दिवस मुंबईच्या कार्यालयात आणि उरलेले आपल्या तालुक्यात, असं वेळापत्रक आता मांडता येतं. कंपन्यांनी ते मान्य करावं म्हणून आधी जागा दाखवावी लागेल. उरुसाच्या पंधरवड्यात गावी यायला रजा काढणारी माणसं जिल्ह्याबाहेर हजारोंनी आहेत. त्यांच्यातल्या काहींना तरी दिवसभर काम करून संध्याकाळी लेकरांना घेऊन मैदानावर जाता यावं, यासाठी येत्या २ फेब्रुवारीपूर्वी एका अभ्यासिकेत पाच आवाजबंद कप्पे आणि दुसरी इंटरनेट जोडणी एवढी सुरुवात पुरेशी आहे. आणि त्याच वेळी मैदानावर पाळणेवाल्यांच्या राहुट्यांजवळ पाण्याची टाकी आणि संडास उभे करण्याचं काम महापालिकेनं हातात घ्यावं.